सिमेंटच्या घराची शाकारणी

कोकणातल्या कौलारू घराला दरवर्षी माणूस लागायचा. वैशाख सरत आला की भिंतीला शिडी लागे, कौलं उतरत, फुटकी बाजूला काढली जात, वासे-रिपा ठोकून पाहिल्या जात आणि वाळवी लागलेली रीप बदलून कौलं पुन्हा चढत. मृगाच्या आत शाकारणी झाली नाही तर पहिल्याच पावसात माजघरात पातेली मांडायची वेळ येई, त्यामुळे चालढकलीला वाव नव्हता. पन्हळी साफ करणं, पडवीला झड्या बांधणं, पाऊस सरल्यावर अंगण चोपून घेणं, जमीन सारवणं हे सगळं वर्षाच्या कामात धरलेलंच असे. राजापूरकडच्या आमच्या जुन्या घरात मी हे पाहिलं आहे. घर कच्चं आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, म्हणून ते टिकलं.

आरसीसीने ही सवय मोडली. स्लॅबचं घर म्हणजे पक्कं घर, एकदा बांधलं की दोन पिढ्या बघायला नको, असं आपण धरून चाललो. मुंबई-ठाण्यात, पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात १९७० ते २००० या काळात उभ्या राहिलेल्या तीन-चार मजली इमारतींत आज लाखो कुटुंबं राहतात. त्यांनी घरावर खर्च केलेला नाही असं नाही. मॉड्युलर किचन झालं, फॉल्स सीलिंग झालं, हॉलच्या फरशा दोनदा बदलून झाल्या. पण घर खराब होतं ते स्लॅबच्या पोटात, गच्चीवर आणि डक्टमधल्या पाइपांत, आणि तिथे फारसा कोणाचा हात पोचलेला नसतो. घराच्या देखभालीचा सगळा प्रश्न मला या एका गैरसमजाशी येऊन थांबताना दिसतो. सिमेंटच्या घरालाही शाकारणी लागते. ती करायची कोणी, केव्हा आणि कोणाच्या पैशाने, हे आपण अजून नीट ठरवलेलं नाही.

सुरुवात लोखंडापासून करायला हवी. काँक्रीट ताजं असतं तेव्हा तीव्र अल्कधर्मी असतं, त्याचा सामू १२-१३च्या घरात असतो. या अल्कतेमुळे आतल्या सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो आणि सळई गंजत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून वर्षानुवर्षं आत शिरत राहतो, आतल्या चुन्याशी त्याचा संयोग होतो आणि सामू ९च्या आसपास किंवा त्याखाली उतरतो. हा बदल सळईपर्यंत पोचला आणि जोडीला ओल मिळाली की गंज धरतो. समुद्राकाठी खाऱ्या वाऱ्यातले क्लोराइड हेच काम आणखी लवकर उरकतात. गंजाला मूळ लोखंडाच्या किमान दुप्पट, कधी सहापटीपर्यंत जागा लागते, आणि तो दाब आतून काँक्रीट फोडतो. म्हणून आधी सळईच्या रेषेत बारीक तडा दिसतो, मग प्लॅस्टर ठोकलं की पोकळ वाजतं आणि मग एखाद्या रात्री छताचा पोपडा पलंगावर पडतो. आय.एस. ४५६ या मानकाच्या २०००च्या आवृत्तीत साधारण हवामानातल्या स्लॅबसाठी सळईखाली २० मिलिमीटर आणि कॉलमसाठी ४० मिलिमीटर काँक्रीटचं आवरण सांगितलं आहे. जुन्या इमारतींचं छत फोडलं की अनेकदा सळई जवळजवळ प्लॅस्टरलाच टेकलेली सापडते, कारण स्लॅब ओतताना तिच्याखाली ठोकळेच ठेवलेले नसतात.

आमच्या ठाण्याच्या सोसायटीचं स्ट्रक्चरल ऑडिट झालं तेव्हा पार्किंगमधल्या एका कॉलमचा कोपरा ऑडिटरच्या माणसाने छिन्नीने फोडला, धूळ ब्रशने झटकली आणि छोट्या बाटलीतून फिनॉल्फ्थॅलिनचा फवारा मारला. फोडीचा आतला भाग क्षणात गडद गुलाबी झाला. बाहेरच्या बाजूची पट्टी मात्र राखाडीच राहिली. गुलाबी म्हणजे तिथे अल्कता शिल्लक आहे, राखाडी म्हणजे ती संपली. त्याने पट्टी लावून माप घेतलं आणि बोटाने दाखवलं: सळई राखाडी भागात होती. अहवालाची जाडजूड फाइल वाचून जे कोणाला कळलं नसतं ते जमलेल्या सभासदांना त्या फवाऱ्याने कळलं, आणि दुरुस्तीला हरकत घेणारे दोघे-तिघे त्या दिवसापासून गप्प झाले. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक, हाफ-सेल या चाचण्या हव्यातच, त्यांच्या आकड्यांवरच इंजिनिअर निर्णय घेतो. पण ही एक चाचणी प्रत्येक सोसायटीने सभासदांना खाली बोलावून त्यांच्या डोळ्यांसमोर करून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. वय हा एकच निकष धरून मात्र चालत नाही. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडची तारिक गार्डन ही इमारत कोसळून १६ जण गेले. ती इमारत दहा वर्षांचीही नव्हती. नव्या घराच्या बाबतीत लक्षात ठेवायचा कायदा म्हणजे २०१६चा रेरा. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला तर विकासकाने तो ३० दिवसांत विनामोबदला दूर करायचा आहे. ही पाच वर्षं लोक फर्निचरमध्ये घालवतात. पहिल्या पावसाळ्यातच प्रत्येक भिंतीचे, खिडकीच्या कडांचे, संडास-बाथरूमच्या खालच्या छताचे तारखेसह फोटो काढून ईमेलने तक्रार पाठवली तर पुढचे कितीतरी वाद टळतील.

दुरुस्तीची रीत ठरलेली आहे. सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत फोडायचं, सळई तारेच्या ब्रशने स्वच्छ घासायची, तिची जाडी फार घटली असेल तर जोडीला नवी द्यायची, गंजरोधक लेप लावायचा, मग बाँडिंग कोट, आणि तो ओला असतानाच पॉलिमर मॉर्टर थराथराने भरायचं. कॉलम जास्त खराब असेल तर भोवती नवी सळई बांधून, साचा लावून मायक्रो-काँक्रीट ओततात. हे सगळं करण्याआधी वरच्या भाराला टेकू द्यावे लागतात. प्रत्यक्षात मात्र कित्येक ठिकाणी फुटलेल्या जागेवर कोंबडीजाळी ठोकून वरून सिमेंटचं प्लॅस्टर ओढलं जातं. दोन पावसाळे ते छान दिसतं. आत गंज चालूच असतो, फक्त आता तो कोणाला दिसत नाही. असं प्लॅस्टर काहीच न करण्यापेक्षा वाईट, कारण ते धोक्याची खूण पुसून टाकतं.

ओल नसेल तर गंज रखडतो, म्हणून पुढचा विषय गच्चीचा. आपल्याकडे गच्चीला पिढ्यान्पिढ्या ब्रिकबॅट कोबा करतात. विटांचे तुकडे मसाल्यात बसवून उतार काढतात आणि वरून सिमेंट घोटतात. चांगल्या कारागिराने केलेला कोबा वीस-पंचवीस वर्षंही काम देतो. पंचाईत होते ती तो गळायला लागल्यावर. जुना कोबा काढायचा म्हणजे हातोड्यांचा आवाज, राडारोडा आणि खर्च, म्हणून त्यावरच दुसरा थर चढवतात, काही ठिकाणी तिसराही. चार इंच कोब्याचं वजन चौरस मीटरला साधारण २०० किलो भरतं. गच्चीवर माणसांच्या वावरासाठी इंजिनिअर जो भार धरतो तो साधारण १५० किलो असतो. म्हणजे तीनशे चौरस मीटरच्या गच्चीवर एक जादा थर घातला की साठ टन ओझं कायमचं बसलं, तेही त्याच इमारतीवर जिचे कॉलम आधीच गंजलेले आहेत. गळतीच्या वर्गणीसाठी भांडणारी सभा हा हिशेब सहसा मांडत नाही. जुना थर काढून नवा करावा, किंवा उतार शाबूत असेल तर हलकं मेंब्रेन किंवा कोटिंग करावं. काम कोणतंही असो, बिल देण्याआधी पाइपांची तोंडं बंद करून गच्चीत दोन-तीन दिवस पाणी भरून ठेवावं आणि वरच्या मजल्यावरच्या प्रत्येक खोलीत जाऊन छत बघावं.

गच्चीची बरीचशी गळती मधून होतच नाही. ती कठडा आणि गच्ची मिळतात त्या कोपऱ्यातून, पावसाच्या पाण्याच्या पाइपाच्या तोंडातून, डिश अँटेनासाठी आणि सोलर हीटरच्या पायांसाठी मारलेल्या भोकांतून आणि कठड्याच्या भेगेत रुजलेल्या पिंपळातून होते. पिंपळाचं रोप वरून छाटून भागत नाही, मुळासकट काढून भेग भरावी लागते. हे काम मे महिन्यात एका माणसाने एका दिवसात होण्यासारखं आहे. पत्र्याची शेड हा अलीकडे लोकप्रिय झालेला उपाय आहे. महापालिकेची परवानगी घेऊन, वाऱ्याचा विचार करून केला तर तो वाईट नाही, पण शेड झाली म्हणून बाहेरच्या भिंतींतून येणारं पाणी थांबत नाही.

वरच्या मजल्यावरच्या बाथरूमची गळती हा तर शेजारधर्म संपवणारा विषय. खालच्याच्या छताला डाग पडतो, वरचा म्हणतो माझ्याकडे सगळं कोरडं आहे, आणि तो खरंच बोलत असतो. बुडीत स्लॅबमध्ये भरलेल्या भरावात पाणी महिनोन्महिने साठून राहतं. उगम शोधायची पद्धत सोपी पण चिकाटीची आहे. आधी नळाच्या सगळ्या जोडण्या बंद करून डाग वाळतो का ते पाहायचं. वाळला तर दाबाच्या पाण्याची लाइन संशयित. नाही वाळला तर नहाणी ट्रॅप बंद करून रंगीत पाणी भरायचं, मग कमोडची जोडणी तपासायची. एका वेळी एकच गोष्ट. बहुतेकदा दोष ट्रॅपच्या भोवतीच्या जोडात किंवा फरशांच्या सांध्यांत सापडतो, आणि तेव्हा सगळं बाथरूम फोडायची गरज पडत नाही. खर्च कोणाचा याबद्दल उपविधी स्पष्ट आहेत. पावसाची गळती, बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती आणि गच्चीमुळे खराब झालेलं वरच्या मजल्याचं छत हे संस्थेकडे. संडास, सिंक वगैरेंमुळे होणारी आतली गळती सभासदाकडे. हे कलम जिन्याच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लावून ठेवलं तर समितीचा निम्मा वेळ वाचेल.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ओल प्रथम दिसते ती घर झाडणाऱ्या-पुसणाऱ्या बाईला. कपाटाच्या मागचा कुबट वास, भिंतीजवळ रोज गोळा होणारी पांढरी भुकटी, बटण दाबताना लागणारी झिणझिणी या तिन्ही खुणा तिला डाग पसरण्याच्या कितीतरी आधी ठाऊक असतात. वार्षिक सभेत मात्र बोलायला घरातला पुरुष जातो, आणि त्याला ओल कळते ती रंग उडाल्यावर.

रंगाचंही असंच आहे. ओल्या भिंतीवर कितीही महाग रंग दिला तरी तो फुगून येतो. आधी पाणी थांबवायचं, मग भिंत पुरती वाळू द्यायची, मग रंग. पावसाळा संपताच, दिवाळीच्या घाईत दिलेला रंग याचसाठी टिकत नाही. वाई-साताऱ्याकडचे, पुण्याच्या पेठांतले जुने वाडे आणि कोकणातली जांभ्याची घरं यांच्यात हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने येतो. त्यांच्या भिंती पायातून जमिनीची ओल ओढतात आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर सोडतात. कोणीतरी मजबुतीसाठी म्हणून त्यांना सिमेंटचं प्लॅस्टर करतं. मग बाहेर पडायची वाट बुजल्याने ओल आणखी वर चढते, जिथे कधी नव्हता तिथे लोणा लागतो आणि तुळईची भिंतीत गेलेली टोकं कुजायला लागतात. चुन्याच्या भिंतीला चुनाच हवा. मळलेल्या चुन्याचं काम करणारे गवंडी आज शोधावे लागतात, पण मिळतात, आणि त्यांच्यासाठी थांबणं परवडतं.

आता घराच्या आतलं नूतनीकरण. मोकळा हॉल, ओपन किचन, बाल्कनी आत घेणं या हौसेला माझा विरोध नाही. एक हद्द मात्र कोणीही ओलांडू नये: कॉलम, बीम आणि स्लॅब यांना हात लावायचा नाही. पाइप नेण्यासाठी बीमला भोक पाडणं किंवा वायरिंगसाठी कॉलममध्ये खाच मारणं इंटिरियरवाल्याला किरकोळ वाटतं, पण त्याने सळईवरचं आवरण तर जातंच, कधी सळईही कापली जाते. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची सिद्धी साई इमारत कोसळून १७ जणांचा जीव गेला. तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलांत खांबांना धक्का लावल्याचा आरोप त्या वेळी झाला. एका घरातलं काम साऱ्या इमारतीच्या जिवावर बेतू शकतं, म्हणून संस्थेची लेखी परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा होकार या दोन्ही गोष्टी आधी हव्यात. जुन्या फरशीवर नवी फरशी बसवणंही टाळावं. आणि बाथरूम दुसऱ्याच्या स्वयंपाकघरावर सरकवू नये, यासाठी तर कायदा दाखवायचीही गरज पडू नये.

काम काढलंच आहे तर न दिसणारं आधी करून घ्यावं. जुन्या घरांतली ॲल्युमिनियमची वायर आणि फ्यूज यांच्यावर आज दोन एसी, गीझर आणि इंडक्शन चालतात. दिव्यांना दीड, साध्या प्लगला अडीच आणि एसी-गीझरला चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, सर्किटनिहाय एमसीबी, चालू अर्थिंग आणि ३० मिलिॲम्पिअरचं आरसीसीबी एवढं झालं की शॉक आणि आग या दोन्हींची भीती बरीच कमी होते. जीआयचे पाइप आतून गंजून बोळ बंद झालेले असतात, ते याच वेळी सीपीव्हीसीचे करावेत. भिंती बंद करण्याआधी प्रत्येक भिंतीचा मोजपट्टी धरून फोटो काढावा. पुढे खिळा ठोकताना तो फोटो उपयोगी पडतो. गॅसची रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची असते, आणि तिच्यावर तारीख छापलेली असते, हेही अनेकांना ठाऊक नसतं.

हे सगळं होण्यासाठी पैसा लागतो आणि तिथेच बहुतेक संस्था अडतात. उपविधींत दुरुस्ती-देखभाल निधी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड किमान पाव टक्का, दरवर्षी, असा सांगितला आहे. वीस लाख बांधकाम खर्च धरला तर वर्षाला पंधरा आणि पाच मिळून वीस हजार, म्हणजे महिन्याला सतराशेच्याही आत. अडचण अशी की १९८५ साली लाखभरात बांधलेल्या सदनिकेवर त्याच जुन्या आकड्याने आकारणी चालू राहते आणि वर्षाला हजार रुपये जमतात. टक्केवारी किमान आहे. सर्वसाधारण सभा ती वाढवू शकते, आजच्या बांधकाम खर्चाशी जोडू शकते. वाढवली नाही की एके दिवशी प्रत्येक घराकडून एकदम तीन-चार लाख मागावे लागतात, आणि तेव्हा पेन्शनवर जगणाऱ्या आजी-आजोबांपुढे खरोखर काही पर्याय नसतो. मला या साऱ्या प्रश्नात सर्वांत टोचणारी गोष्ट हीच वाटते. महिन्याला थोडं घेण्याचं धैर्य समितीने दाखवलं नाही म्हणून शेवटी सर्वांत कमी ऐपत असलेल्यावर सर्वांत मोठा भार पडतो.

ठेकेदार नेमताना सर्वांत कमी दराला भुलण्याची सवयही घातक आहे. इंजिनिअर वेगळा आणि ठेकेदार वेगळा हवा, दोघांचं साटंलोटं नको. कामाचं परिमाण बाबवार लिहिलेलं असावं, बिल प्रत्यक्ष मोजमापावर द्यावं आणि पाच ते दहा टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवावी. काम ऑक्टोबरनंतर काढून एप्रिलपर्यंत संपवावं. मे महिन्यात टँकरच्या पाण्यावर भागवणाऱ्या इमारतीत नव्या प्लॅस्टरवर सात दिवस पाणी मारायला कोणी तयार नसतं, आणि तहानलेलं प्लॅस्टर पहिल्या उन्हात तडकतं. गवंड्याला वेळेवर पैसे, सुरक्षेचा पट्टा आणि प्यायला पाणी मिळालं तर हात चांगला चालतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

शेवटचा आणि सध्याचा सर्वांत अवघड प्रश्न पुनर्विकासाचा. इमारत तीस-चाळीस वर्षांची झाली की सभेत एकच वाक्य ऐकू येतं: आता पाडायचीच आहे, मग खर्च कशाला? कागदावर हे पटतं. पण मानीव अभिहस्तांतरण, निविदा, सभासदांची संमती, विकासकाशी करार, परवानग्या यांत वर्षं जातात, कधी विकासकच मागे हटतो, आणि तोवर माणसं त्याच छताखाली झोपत असतात. या मधल्या काळात सगळं काम नाही तरी थोडं करावंच लागतं. सैल प्लॅस्टर ठोकून पाडून टाकायचं, विशेषतः जिन्यात, प्रवेशद्वारावर आणि मुलं खेळतात तिथे. इंजिनिअरने दाखवलेल्या बीमना टेकू द्यायचे. गच्चीवरची नको ती टाकी, जुनं फर्निचर, कुंड्यांची माती खाली उतरवायची. वायरिंग आणि पाण्याची गळती दुरुस्त करायची. आणि ऑडिट करून इमारत धोक्याच्या कोणत्या वर्गात बसते ते लेखी घ्यायचं. सी-२ए असेल तर इमारत रिकामी करून, आणि सी-२बी किंवा सी-३ असेल तर तिथे राहूनच दुरुस्ती करता येते. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडण्याजोगी. तिथे महापालिकेकडून आपल्या जागेचं क्षेत्रफळ नोंदवून घ्यायचं, कागदपत्रं उचलायची आणि पावसाच्या आत बाहेर पडायचं. भाड्याचा, जादा जागेचा, करारातल्या कलमांचा जो काही वाद असेल तो बाहेर राहून लढता येतो.